आप्पांनी माती पक्की केली

आमच्या घरात पांढरं असं काही टिकायचं नाही. आप्पांचे हात कोपरापर्यंत रंगलेले, आईच्या पातळाचे काठ कुठल्या रंगाचे होते ते तिलाही सांगता यायचं नाही, आणि मांजर मूळचं पांढरं होतं म्हणे, पण मी तरी ते कायम फिकट जांभळंच पाहिलं. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत घरटी माग होते आणि त्या मागांना लागणारं सूत रंगवायचं काम आमच्याकडं. पुढच्या सोप्यात वाळत घातलेल्या सुताच्या लड्या, मधल्या खोलीत आम्ही माणसं, आणि मागच्या पडवीत चुलवणावर रंगाचे हंडे. सकाळी चुलीवर चहा आणि चुलवणावर रंग एकदमच उकळायला लागायचे. चहा, खळ, ओलं सूत आणि रंग असा सगळ्यांचा मिळून एक वास होता. त्या वासातच आम्ही भाकरी, खरडा आणि शेंगतेल खाऊन शाळेला जायचो. गल्लीतल्या मागांच्या खडखडाटात आम्ही ढाराढूर झोपायचो, आणि वीज गेली की मात्र दचकून जागं व्हायचो. हल्ली मी लेकाकडं राहते. सुनेच्या घरात फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या, सोफाही पांढरा. ती बिचारी सारखी म्हणते, आई, आरामात बसा की. कशी बसू बाई, मला अजून वाटतं की उठले की मागं डाग दिसणार.

वडगावच्या त्या घरात रंगाशी काही देणंघेणं नसलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे आप्पांची थोरली बहीण, चंपाआत्ती. आत्ती लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आली ती कायमची. का आली, तर सासू घरातलं सगळं शेण गोवऱ्या थापून जाळून टाकायची आणि परड्याला, म्हणजे परसातल्या भाजीला, चिमूटभर द्यायची नाही, म्हणून. हे आमच्याकडं विनोद म्हणून सांगायचे, पण आत्तीनं तो कधी खोडला नाही. आमच्या पडवीमागचं लांबट परडं तिच्या ताब्यात होतं. गल्लीत कुणाची म्हैस शेपूट वर करायला लागली की आत्ती बुट्टी घेऊन निघायची. मागांखाली पडणारा कापसाचा भुसा, उरलेली आंबूस खळ, झाडलोटीचा पाला, चहाचा चोथा, लग्नघरच्या पत्रावळ्या, सगळं ती परड्यात नेऊन कुजवायची. आई म्हणायची, वन्सं, एक दिवस मी दुपारी पडले तर मलाबी उचलून न्याल. आत्ती शांतपणे म्हणायची, तू लौकर कुजायची न्हाईस.

परड्याला उतार होता. रंगणी झाली की हंड्यातलं पाणी आप्पा पडवीच्या पन्हाळीतून सोडून द्यायचे, आणि ते आत्तीच्या वाफ्यांतून मुरत मुरत खालच्या टोकाला एका दगडी दोणीत साचायचं. वरून जांभळं, लाल, मोरपंखी काय वाटेल ते जायचं. खाली दोणीत उतरायचं ते नितळ पाणी. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळं धुणं या दोणीवर. हे कसं होतं असं कुणी विचारलं नाही. आप्पा म्हणायचे, माती रंग पिती. आत्ती म्हणायची, पिती न्हाई, खाती. यावर दोघांची भांडणं व्हायची आणि दोघांनाही वाटायचं की आपण जिंकलो.

पुढं मी शिकले, माती तपासायच्या नोकरीतच उभा जन्म काढला, तेव्हा मला हे उलगडलं. शेण, पाला, भुसा असलं सगळं कुजून जे काळं, भुसभुशीत, चांगल्या वासाचं उरतं ना, त्याच्या अंगाला बारीक बारीक पकडी असतात. तांबं, शिसं, क्रोम असले जड धातू पाण्यातून आले की त्या पकडी त्यांना धरून ठेवतात, सहजासहजी सोडत नाहीत. आप्पा गडद रंग पक्का करायला मोरचूद वापरायचे, म्हणजे तांब्याचंच मीठ. सुतावर रंग धरून ठेवायचं काम ते तांबं करायचं आणि उरलेलं तांबं धरून ठेवायचं काम आत्तीची कुजकी माती. एकाच घरात भाऊ-बहीण एकच धंदा करत होते आणि रोज भांडत होते. पण धरून ठेवलं म्हणजे नाहीसं केलं नव्हे, हेही लगेच सांगते, नाहीतर कुणीतरी उद्या कारखान्याचं पाणी शेणाच्या ढिगावर सोडेल आणि माझं नाव सांगेल. परड्यातली वांगी आम्ही बारा महिने खायचो, त्यात काय काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तो काही आमचा शहाणपणा नव्हता.

त्या दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीसाठी, सुमनआक्कासाठी, स्थळं बघणं चालू होतं. आक्का आप्पांच्या हाताखाली रंगणीला असायची, त्यामुळं तिचे हात मनगटापर्यंत निळे. पाहुणे यायचे, पोहे खायचे, हातांकडं बघायचे आणि मग एकमेकांकडं बघायचे. दोन स्थळं अशीच गेली आणि आक्कानं सांगून टाकलं, आता मी पोह्यांची ताटली पदराखालनं देणार. तेवढ्यात विलासभावजींचं स्थळ आलं. घर जांबोटीकडचं, भाताची शेती, जनावरं. भावजी स्वतः बेळगावात एका कारखान्यात नोकरीला. त्यांनीही ताटली घेताना आक्काच्या हातांकडं बघितलं. आम्ही दाराआडून बघत उभ्या. तर ते म्हणाले, "ह्यो निळा कसा केलासा? लई झ्याक हाय." आक्का आत आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, मला हेच पायजेत. आमच्या आक्काला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं झालं होतं, आणि ते सगळ्या घराला दिसत होतं.

अडचण एकच होती. तिकडच्या घरात शब्द चालायचा तो विलासभावजींच्या थोरल्या काकांचा, बापूकाकांचा. ते होकार देतील तेव्हा सुपारी फुटणार, म्हणजे लग्न ठरणार. आणि बापूकाकांची कीर्ती अशी की ते परक्या घरी जेवायच्या आधी ते अन्न ज्या मातीत पिकलं ती माती बघायचे. हातात घ्यायचे, हुंगायचे, प्रसंगी जिभेला लावायचे. त्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप धाडला की मुलगी चांगली आहे म्हणतात, असू दे; पण रंगाऱ्याच्या घरचं पाणी कुठं जातं आणि भाजी कुठं पिकते ते मी डोळ्यांनी बघणार. जमीन नासवणाऱ्या घराशी आपली सोयरीक व्हायची नाही. रविवारी जेवायला येतो, वांगी परड्यातलीच करा.

निरोप ऐकून आप्पांचं जेवण गेलं. आप्पा तापट नव्हते, पण रंगाच्या बाबतीत त्यांना फार मान होता. त्यांनी रंगवलेलं सूत दहा धुण्यांतही रंग सोडायचं नाही, हे शहापूरपर्यंत माहीत. आणि कोण कुठला भातवाला येऊन म्हणतो, जमीन नासवली. त्यात आत्ती नेमकी लोंढ्याला मावसबहिणीच्या नातवाच्या बारशाला गेलेली. जाताना ती दोणीतल्या पाण्यानं एक घागर भरून अबोलीच्या रोपांजवळ ठेवून गेली होती, कारण आम्ही दोणीपर्यंत जाऊन झाडांना पाणी घालू यावर तिचा विश्वास नव्हता. रोपांच्या शेजारी घागर दिसली तर लाजेनं तरी घालतील, असा तिचा हिशेब. आम्ही घातलं नाही.

शनिवारी दुपारी आप्पा पडवीत उभे राहून परड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हितला रंग कच्चा ऱ्हायलाय. पक्का करून टाकतो."

हे आता ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण रंगाऱ्याच्या डोक्यात ते अगदी सरळ होतं. सूत रंगलं, धुतलं, की शेवटी त्याला आंबट पाण्याचा एक हात द्यायचा. त्यानं रंग खुलतो, अंगावरचा चिकटा जातो, सूत स्वच्छ होतं. आप्पांच्या मते दुनियेतल्या कुठल्याही गोष्टीचं शेवटचं काम आंबट पाणीच होतं. पितळेची भांडी चिंचेनं लख्ख निघतात, पोटाला ताक लागतं, मग मातीनं काय घोडं मारलंय. मातीनं रंग खाल्लाय ना, मग तिलाही शेवटचा हात दिला की ती स्वच्छ होणार, पाहुण्यांनी कितीही हुंगावी. त्यांनी ॲसिडचा कॅन काढला, हंड्यातल्या पाण्यात ते मिसळलं, आणि पोरीच्या लग्नाचं काम म्हणून नेहमीपेक्षा सढळ हातानं मिसळलं. मग वाफ्यावाफ्यातून ते सगळं शांतपणे ओतलं. आई म्हणाली, वन्सं येऊ द्यात की. आप्पा म्हणाले, ती आली तर ओतू दील व्हय?

रविवारी सकाळच्या गाडीनं आत्ती आली. बारशाचे बुंदीचे लाडू तिनं माझ्या हातात दिले, पडवीपर्यंत गेली आणि तिथंच थबकली. नाक वर करून तिनं विचारलं, "माझ्या परड्यात कोन वकलंय?" वांग्यांची पानं कडेनं करपून लोंबत होती. आप्पा काहीतरी कामात असल्यासारखे लड्या झटकायला लागले. आत्तीला सगळं सांगितल्यावर ती रडली नाही, ओरडली नाही. पाहुणे यायच्या बेतात होते म्हणून तिनं फक्त भांडी आपटली. ती आपटलेली भांडी सबंध दिवस आपटतच राहिली, आणि आप्पा प्रत्येक आवाजाला दचकत राहिले.

बापूकाका आले. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा, आणि नेसण म्हणजे बगळ्याला लाजवील असं पांढरंशुभ्र धोतर. आमच्या घरात एवढं पांढरं काही शिरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. बरोबर विलासभावजी, मान खाली घालून. बापूकाकांनी पाणी घेतलं नाही, गूळ घेतला नाही, थेट परड्यात गेले. त्यांच्या मागं आप्पा, त्यांच्या मागं आत्ती, आणि दारात आई, आक्का, मी. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, नाकाशी नेली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आणखी पुढं जाऊन बघावं म्हणून त्यांनी पाऊल टाकलं, आणि आप्पांनी सढळ हातानं भिजवलेल्या त्या वाफ्यात त्यांचा पाय असा काही गेला की बापूकाका सरळ खाली बसले. बसले म्हणजे अगदी मांडी घालून बसल्यासारखे, हातातली माती न सांडता. कुणीही हसलं नाही. विलासभावजींचे खांदे मात्र पाठमोरे हलत होते, ते मी बघितलं.

मग धावपळ. आप्पांची एक लुंगी त्यांना दिली. आप्पांच्या लुंग्यांत बरी म्हणता येईल अशी एकच होती, आणि तिच्यावरही एका बाजूला राणी रंगाचं थारोळं होतं. ती नेसून, रंगाऱ्याला पारखायला आलेला तो माणूस पाटावर बसला. आईनं धोतर दोणीवर नेलं, साबण चोळून दोणीच्याच पाण्यात भिजत टाकलं, आणि कुरड्या तळायला आत पळाली. दोणी शेवाळलेली, काळपट. पाण्याला काही वेगळा रंग आला असला तरी कुणाला दिसणार? पानं वाढली. वांग्याची भाजी पानात पडली. बापूकाकांनी सगळं बाजूला सारून नुसतं मीठ बोटाला लावलं आणि आप्पांना विचारायला सुरुवात केली, पाणी किती, कुठून जातं, किती वर्षं. आक्का वाढायला उभी होती. पळी हातात धरून ती एकेक प्रश्न ऐकत होती. तेवढ्यात आईनं धोतर पिळून पडवीतल्या दोरीवर टाकलं आणि तोंडाला पदर लावला.

धोतर हिरवं झालं होतं. लख्ख हिरवं नव्हे, कोवळ्या पानासारखं, पण एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हिरवं. आज मला त्याचं कारण दोन ओळींत सांगता येतं: आंबट पाण्यानं मातीतल्या पकडी सुटल्या, वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं तांबं पाण्याबरोबर दोणीत उतरलं, आणि साबण लागल्याबरोबर कापडावर हिरवं होऊन बसलं. तेव्हा मात्र आम्हाला एवढंच कळलं की आक्काचं लग्न त्या दोरीवर वाळत पडलंय. बापूकाका पानावरून उठले, राणी रंगाची लुंगी सावरत धोतरापाशी गेले आणि त्याचं टोक उचलून बघायला लागले. आप्पा उभे होते. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

बोलली ती आक्का. पळी तशीच हातात. "बापूकाका, तुमी जेवू नका. ती वांगी आता मीबी खायाची न्हाई. पर लगीन मला मातीसंगं करायचं न्हाय. मला ह्यास्नी करायचं हाय." आणि तिनं निळ्या हातानं सरळ विलासभावजींकडं बोट दाखवलं. आई म्हणाली, अगं बाई. विलासभावजी पानावर बसल्या बसल्या लाल झाले, आणि त्यांच्या तोंडातून कसंबसं "मलाबी" एवढंच आलं.

बापूकाका आप्पांकडं वळले. त्यांनी आप्पांना विचारलं, "काल काय केलासा परड्यात?" आप्पांनी सांगितलं. काही लपवलं नाही, लुंगीइतकंच रंगलेलं तोंड करून सगळं सांगितलं. आता आत्तीचा बांध फुटला. तिनं ती अबोलीजवळची घागर उचलली आणि बापूकाकांच्या पुढ्यात दाणकन ठेवली. हे बघा परवाचं पाणी, याच दोणीतलं, माझ्या भावानं शेण खाल्लं त्याच्या आधीचं. भावानं खरंच शेण खाल्लं असतं तर ती बहुधा इतकी चिडली नसती. बापूकाकांनी खांद्यावरचा पंचा घागरीत बुडवला, साबण चोळला, पिळला, उन्हात धरला. पंचा पांढराच राहिला.

"म्हंजे माती धरून होती," बापूकाका म्हणाले. "तुमी तिला सोडाय लावलासा."

मग ते पायरीवरच बसले. त्यांच्या गावी नवीन जमीन खराब निघाली की ती शेणानंच ताळ्यावर येते, एवढं त्यांना माहीत होतं. का येते ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी जे कारण सांगितलं त्यात गाईच्या पोटातली देवता वगैरे होती, ते सोडून द्या. पण त्यांनी सांगितलं ते चुकीचं नव्हतं. आंबटपणा मारायला चुना टाका, वर भरपूर शेणखत टाका, दोणीचं पाणी कशालाही वापरू नका, आणि या परड्यात खायचं म्हणून काही लावू नका, फुलं लावा. म्हणजे वांगी गेली, हे कळताच आत्तीचं तोंड उतरलं. बापूकाकांनी ते बघितलं असावं. तुमचं हे खत कुणी केलं, त्यांनी विचारलं. आत्तीनं मान वर केली. बापूकाका म्हणाले, आमच्याकडं एवढी जनावरं हायत, पर असली माती मी आमच्यात बघितली न्हाय. आत्तीला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. ती आत गेली आणि लोंढ्याचे सगळे लाडू घेऊन आली. परड्याशी काही संबंध नसलेलं घरात लाडू आणि दही-भात एवढंच होतं, आणि बापूकाका तेच जेवले.

जाताना त्यांनी आईकडून सुपारी मागून घेतली आणि पडवीच्या उंबऱ्यावरच फोडली. आमच्या गल्लीत मुलाकडचे लोक काय काय मागतात याच्या कथा खूप होत्या. आमच्याकडं उलटंच झालं. पुढच्या आठवड्यात जांबोटीहून एक टेम्पो आला, आणि तो शेणखतानं काठोकाठ भरलेला. सगळी गल्ली नाकाला पदर लावून बघायला जमली. आत्ती नवी साडी नेसून बाहेर आली आणि टेम्पोला हळदकुंकू लावलं.

त्यानंतर आप्पांनी रंगाचं पाणी परड्यात कधी सोडलं नाही. त्याची वेगळी सोय केली. परड्यात शेवंती, अबोली आणि झेंडू झाले, आणि आत्तीची वांगी शेजारच्या मोकळ्या जागेत गेली. पण आप्पांचा कणा त्या रविवारी जरा वाकला तो वाकलाच. लग्नाचं सूत त्यांनी रंगवलं, आक्काचा शालूही त्यांच्याच सुताचा, तरी कुणी वाखाणलं की ते खाली बघायचे. जमीन नासवणारा, हा शब्द त्यांच्या आत जाऊन बसला होता. आम्ही सगळे आनंदात होतो आणि मला आप्पांकडं बघवत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. पुढं वाजंत्री, मग विलासभावजी, आणि त्यांच्या शेजारी बापूकाका. फेटा नवा, कोट नवा, आणि धोतर तेच, हिरवं. कडक इस्त्री करून नेसलेलं. लोक बघत होते, पोरं बोट दाखवत होती, त्यांना काही नाही. सामोरे गेलेले आप्पा जागच्या जागी उभे राहिले. बापूकाकांनी धोतराचा सोगा उचलून त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "घरची बाई दर खेपेला घासती, पर जात न्हाय. पाव्हणं, जरा बघा की."

आप्पांनी सवयीनं अंगठ्याला थुंकी लावली, सोगा दोन बोटांत धरला आणि चोळला, जसं ते रोज सूत चोळून बघायचे. मग अंगठा उन्हात धरला. अंगठ्याला काही लागलं नव्हतं.

"पक्का हाय," आप्पा म्हणाले, आणि मांडवाच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर, माझे वडील रडायला लागले.